जाळं मोठं, भोकं तेवढीच

देवगड तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलं आहे. वडिलांचा फोटो स्टुडिओ आता तीच सांभाळते. तिचं म्हणणं थोडक्यात असं :

“काका, माझ्याकडे निकॉन झेड सिक्स टू आहे, २४ मेगापिक्सेलचा. सोबत २४-७० एफ/४ आणि ८५ एफ/१.८ या लेन्स. लग्नं करते, जत्रांच्या दिवसांत दशावताराचे फोटो काढते आणि गेली दोन वर्षं सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) कातळशिल्पांच्या मागे आहे. एका हॉटेलवाल्यांनी हॉलमध्ये लावायला कातळशिल्पाची आठ फूट रुंद प्रिंट मागितली आहे. मुंबईतल्या एका दुकानदाराने सांगितलं, ‘एवढी प्रिंट फुल फ्रेमवर होणारच नाही, मिडीयम फॉरमॅट घ्या, त्याचा लूकच वेगळा.’ बाबांनी आंब्याच्या कलमांच्या पैशांतून थोडे माझ्यासाठी बाजूला ठेवलेत. आहे ते सगळं सामान आणि बाबांची जुनी फिल्मची यशिकासुद्धा विकून फुजीचा जीएफएक्स हा मिडीयम फॉरमॅट कॅमेरा घेऊ का? आणि सेन्सर मोठा म्हणजे नक्की काय मिळतं?”

तुझा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. ‘घेऊ का’ विचारणारे पुष्कळ असतात, ‘नक्की काय मिळतं’ विचारणारे थोडे. त्याचं उत्तर नीट मिळालं की पहिल्याचं तुझं तुलाच कळेल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा. तुझा फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा; त्याहून मोठ्याला मिडीयम फॉरमॅट म्हणतात. क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. फुजीच्या जीएफएक्समधला आणि हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेतला सेन्सर साधारण ४४ बाय ३३ चा, म्हणजे १४४० च्या आसपास. भागाकार कर, १.६७ येतात. पावणेदोन पटही नाही. स्टॉपमध्ये सांगायचं तर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) पाऊण स्टॉप.

आता बाबांची यशिका घे. तिच्यात १२० चा रोल जायचा, फ्रेम ५६ बाय ५६ मिलिमीटरची. ३१३६ चौरस मिलिमीटर, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमपेक्षा साडेतीन पटींहून मोठी. मिडीयम फॉरमॅटचा दबदबा आहे तो त्या दिवसांतला. मी डार्करूममध्ये दोन्ही हाताळल्या आहेत. ३५ ची निगेटिव्ह एन्लार्जरला लावून १२ बाय १५ केली की गालावर ग्रेन दिसायला लागायचे. १२० ची लावली की नवरीच्या नथीतला एकेक मोती सुटा दिसायचा. तो फरक बघायला चष्मा लागत नव्हता. पुढे डिजिटल आलं, नाव तेच राहिलं आणि फरक निम्म्याहून खाली आला. फेज वनचा ५३.४ बाय ४० मिलिमीटरचा सेन्सर आहे, तो फुल फ्रेमच्या अडीच पट भरतो. पण ते सामान मोठ्या जाहिरात स्टुडिओंचं आणि संग्रहालयांचं, आपल्या हिशोबात ते येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट सांगून टाकतो, यशिका विकू नकोस. तुमच्या घरातला सगळ्यात मोठा फॉरमॅट आजही तिच्यातच आहे, आणि जीएफएक्स आणलास तरी तो तिच्या निम्म्यालाही पोचत नाही.

आता तुला समजेल असं उदाहरण देतो, बंदरावर रोज दिसणारं. जाळ्याची लांबी-रुंदी वेगळी आणि त्याच्या भोकांचं माप, ज्याला मच्छीमार आस म्हणतात, ते वेगळं. फुजीच्या १०२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. सोनीच्या ए सेव्हन आर फोर आणि फाइव्ह या ६१ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांवरही तो ३.७६ मायक्रॉनचाच. फेज वनच्या १५० मेगापिक्सेलवाल्यातही तेवढाच. हे तिन्ही सेन्सर सोनीनेच बनवलेले. म्हणजे विणकाम एकच, तुकडा लहान-मोठा कापलेला. कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम करून दोन्ही फोटो शेजारी ठेवलेस तर पिक्सेलच्या पातळीवर फारसं काही वेगळं दिसणार नाही. फरक पडतो तो दोन्हींची प्रिंट सारख्याच मापाची केल्यावर, कारण मोठ्या तुकड्याला कमी ताणावं लागतं.

पण जाळं मोठं असून भागत नाही, ते पूर्ण पसरायला तेवढं पाणी लागतं. इथलं पाणी म्हणजे प्रकाश. आणि दुकानात कोणी सांगत नाही ती गोष्ट हीच आहे. पाऊण स्टॉपचा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा तू मोठ्या सेन्सरवर खरोखर पाऊण स्टॉप जास्त प्रकाश टाकू शकतेस.

दशावताराचंच घे. देवळासमोरचा मांड, वर एलईडीचे दिवे, रात्रीचे दोन वाजलेत. संकासुर गिरकी घेतोय. शटर १/२५० च्या खाली नेलास तर त्याचं तोंड पुसलं जाणार. तुझी ८५ एफ/१.८ उघडी, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०००. आता त्याच जागी जीएफएक्स आणि ११० मिलिमीटर एफ/२ ही त्यांची गाजलेली लेन्स ठेव. फुल फ्रेमच्या हिशोबात ती ८७ मिलिमीटर एफ/१.६ होते. म्हणजे पार्श्वभूमी तुझ्या लेन्सपेक्षा एक तृतीयांश स्टॉप जास्त पुसेल आणि नॉइजही (फोटोतले दाणे) तेवढाच कमी होईल. त्याच्यासाठी तू एक किलोची लेन्स हातात धरणार, आणि फोकस तुझ्या निकॉनपेक्षा मागे राहणार. उद्या ८५ एफ/१.२ घेतलीस तर हिशोब उलटतो, फुल फ्रेम पुढे जातो. जिथे शटर आणि डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसावं ते) आपल्या हातात नसतात, तिथे सेन्सरच्या मापाला फारसं काही करता येत नाही. लेन्सचं तोंड किती उघडतं, तेवढंच खरं.

‘लूक वेगळा’ म्हणतात त्याचा मोठा भाग इथेच संपतो. राहिलेला बराचसा भाग लेन्सचा आहे. जीएफ लेन्स फार उत्तम बनवल्या आहेत, कोपऱ्यापर्यंत कडक, आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. रंगांचं म्हणशील तर ते सेन्सरवरच्या रंगीत गाळण्या, प्रोफाइल आणि प्रकाश यांवर ठरतात. सेन्सरच्या क्षेत्रफळाशी त्यांचा संबंध नाही. आणि मिडीयम फॉरमॅटवाले मिरवतात ते १६ बिट, म्हणजे उजेड मोजायच्या पायऱ्या. १४ बिटमध्ये १६,३८४ पायऱ्या, १६ बिटमध्ये ६५,५३६. ऐकायला केवढं मोठं वाटतं! पण सेन्सरचा स्वतःचा नॉइज त्या शेवटच्या बारीक पायऱ्यांपेक्षा मोठा असतो. हलत्या होडीत सोनाराचा काटा घेऊन सुरमई तोलण्यासारखं आहे ते. फाइल मात्र न दाबता ठेवलीस तर २०० एमबीची होते. लग्नाचे तीन हजार फोटो म्हणजे ६०० जीबी. तुझ्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा विचार कर.

मग मोठ्या सेन्सरचा फायदा दिसतो कुठे? भरपूर प्रकाश, ट्रायपॉड, न हलणारा विषय, सगळ्यात कमी आयएसओ. म्हणजे तुझी कातळशिल्पं. इथे जरा थांबूया, कारण तुझा जीव त्यांच्यात आहे हे पत्रातून दिसतं, आणि माझाही आहे. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत, आणि त्यांचे नीट फोटो असणं ही आपल्या पट्ट्याची गरज आहे.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती घे. १८ मीटर बाय १३ मीटर, आणि त्याच्या पोटात ७०-८० लहान आकृत्या. हे प्रमाण ४:३ च्या जवळ जातं, आणि जीएफएक्सची चौकट ४:३ चीच. वरून हत्ती घट्ट चौकटीत बसवला असं धर. जीएफएक्सच्या १०२ मेगापिक्सेलवर एक पिक्सेल दगडाचे साधारण दीड मिलिमीटर टिपेल, सोनीच्या ६१ वर दोन, तुझ्या २४ वर सव्वातीन. सोनीची चौकट ३:२ ची असल्यामुळे दोन्ही बाजूंचे पिक्सेल नुसत्या सड्यावर खर्च होतात. हा फरक खरा आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण दगड कुठे पळून जात नाही! तुझी ८५ लाव, कॅमेरा उभा धर आणि वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत चार अशा आठ फ्रेम काढ, प्रत्येक फ्रेम शेजारचीवर एक तृतीयांश चढलेली. एक्सपोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. जोडल्यावर साधारण १२,००० बाय १०,००० पिक्सेल हातात येतात. म्हणजे जीएफएक्सएवढेच, किंबहुना थोडे जास्तच. आणि हा नुसता पिक्सेलचा खेळ नाही, आठ वेळा शटर उघडून, एकमेकांवर चढलेला भाग वजा जाता, तू जवळजवळ पाच सेन्सरांएवढा प्रकाश गोळा केलेला असतो. मोठा सेन्सर जे एका दमात करतो, तेच तू आठ दमांत केलंस. फक्त तिरक्या उन्हात हे पटकन उरकायचं, कारण संध्याकाळी रेषांतल्या सावल्या बघता बघता सरकतात.

एक जाता जाता, पण महत्त्वाचं. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी भरणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नकोस आणि कोणाला करू देऊ नकोस. सकाळ-संध्याकाळचं ऊन पुरेसं असतं. पाऊस पडून गेल्यावर रेषांत पाणी साचतं आणि आभाळ त्यांत उतरतं, तेव्हाचा फोटो सगळ्यांत सुंदर.

आता तुझी आठ फुटी प्रिंट. आठ फूट म्हणजे ९६ इंच. तुझ्या २४ मेगापिक्सेलची एकच फ्रेम तिथे इंचाला ६३ पिक्सेल देते, सोनीची ९९, जीएफएक्सची १२१. निरोगी डोळा सहा फुटांवरून साधारण अर्धा मिलिमीटर वेगळा ओळखू शकतो, म्हणजे इंचाला ५० च्या आत-बाहेर. हॉलमध्ये सोफ्यावर बसून पाहणाऱ्याला तुझी आजची फ्रेमसुद्धा पुरेल. ‘होणारच नाही’ हे दुकानदाराचं बोलणं चूक आहे. मात्र कातळशिल्प पाहणारा माणूस सोफ्यावर बसून राहत नाही. तो उठतो, जवळ जातो, बोट दाखवून ‘हा मासा बघ’ म्हणतो. दोन फुटांवरून डोळा इंचाला १४० पर्यंत मागतो. तिथे जीएफएक्सची एक फ्रेमही कमी पडते, आणि जोडलेल्या फ्रेम, त्याही आठाच्या बारा केल्या तर, पुरून उरतात.

मी हे नुसतं कागदावर मांडत नाही. मागच्या थंडीत मुंबईहून जीएफएक्स १०० एस भाड्याने आणला होता आणि एका मित्राचा ए सेव्हन आर फोर होता. आमच्या जवळच्या सड्यावर संध्याकाळी दोन ट्रायपॉड शेजारी-शेजारी लावून एकच शिल्प टिपलं. ३० इंच रुंद प्रिंट केल्या, मागे पेन्सिलीने खूण केली आणि घरातल्यांना ओळखायला लावलं. कोणालाही ओळखता आलं नाही, मलाही नाही. मग ६० इंची केल्या. हातभर अंतरावरून तेव्हाही बरोबरीच होती. नाक टेकवून पाहिलं तेव्हा जीएफएक्सवर जांभ्याच्या बारीक भोकांच्या कडा स्वच्छ होत्या आणि दगडफुलाच्या पांढऱ्या चकत्यांची किनार तुटक तुटक दिसत होती. सोनीवर तीच किनार जरा मऊ झाली होती. बघून आनंद झाला, हे कबूल करतो. मग हौसेने जीएफएक्सचा पिक्सेल शिफ्टही करून पाहिला, सेन्सर किंचित सरकवत काढलेल्या १६ फ्रेम जोडून ४०० मेगापिक्सेल. सड्यावर वारा होता, सुकलं गवत हलत होतं आणि प्रत्येक काडीभोवती जाळीसारखी खूण उमटली. दगड तेवढा अप्रतिम आला.

एका लेन्समध्ये, एका क्लिकमध्ये हे सगळं मिळतं, ही मिडीयम फॉरमॅटची खरी मोठेपणाची बाजू. तू फक्त कातळशिल्पं, मंदिरं आणि स्टुडिओतली पोर्ट्रेट करत असतीस तर मी ‘घे’ म्हटलं असतं. हॅसलब्लाडच्या लेन्समध्येच शटर असतं, त्यामुळे १/२००० लाही फ्लॅश जुळतो. भर दुपारी किनाऱ्यावर नवरा-नवरीला उभं करून आभाळ गडद निळं ठेवता येतं. जीएफएक्सला ते तसं सहज जमत नाही, त्याचा फ्लॅश साधारणपणे १/१२५ लाच अडतो. तुझा आजचा कॅमेरासुद्धा १/२०० पर्यंत जातो. लग्नात कोणता बरा, हे तुला वेगळं सांगायला नको. अक्षता पडतात त्या क्षणी कॅमेऱ्याने वाट पाहायला लावली तर नवरीची आई तुला माफ करणार नाही.

मग पैसे कुठे घालावेस? माझं मत स्पष्ट आहे. झेड सेव्हन टू ही बॉडी घे, चांगल्या स्थितीतली सेकंडहँड मिळाली तरी चालेल. ४५ मेगापिक्सेल, तुझ्या दोन्ही लेन्स जशाच्या तशा बसतात. आणि तिचा एक गुण तुझ्यासाठी फार मोलाचा आहे : तिचा मूळ, म्हणजे सगळ्यात कमी, आयएसओ ६४. तुझ्या सध्याच्या कॅमेऱ्याचा १००. ६४ वर सेन्सर भरेपर्यंत दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश घेतो. ८६४ ला १.५६ ने गुण, १३५० येतात. जीएफएक्स १०० एस आयएसओ १०० वर घेतो तो १४४०. म्हणजे ट्रायपॉडवर, उजेडात, सावल्यांतला तपशील बाहेर काढताना तू मिडीयम फॉरमॅटच्या जवळजवळ दारात उभी असतेस. फुजीच्या नव्या १०० एस टू चा मूळ आयएसओ ८० आहे, तो पुन्हा एक तृतीयांश स्टॉप पुढे जातो, हेही सांगून ठेवतो. पण तेवढ्यासाठी सगळी पेटी विकायची नाही.

सध्याची बॉडी दुसरा कॅमेरा म्हणून ठेव, लग्नात दोन बॉडी हव्यातच. उरलेल्या पैशांत जड, वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड घे. आणि ड्राय कॅबिनेट. हे मी सगळ्यांत वर लिहायला हवं होतं. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. एका पावसाळ्यात मी एक उत्तम लेन्स चामड्याच्या केसमध्ये बंद करून कपाटात ठेवली होती. गणपतीला काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या वर गेला. आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारं कॅबिनेट विजेवर चालतं आणि वीज फारच थोडी खातं. वीज गेली तर दार उघडू नकोस, एक-दोन दिवस काही होत नाही. यशिकाही त्यातच ठेव. समुद्रावरून आल्यावर बॉडी आधी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची आणि मग कोरड्याने. नुसत्या कोरड्या फडक्याने मिठाचे कण घासले जातात.

एवढं वाचूनही मन जीएफएक्सकडे ओढत असेल तर त्यात चूक काही नाही. हॉटेलच्या कामाचा आगाऊ घेतलास की त्यातल्या थोड्या पैशांत दोन दिवसांसाठी भाड्याने आण, ऑक्टोबरात, गवत पूर्ण सुकायच्या आधी. एकाच संध्याकाळी त्याच्यावर एक फ्रेम काढ आणि तुझ्या कॅमेऱ्यावर आठ जोड. आठ फुटी प्रिंट लगेच करू नकोस. दोन्हींतला एकच भाग, हत्तीचा डोळा म्हण किंवा माशाची शेपटी, आठ फुटांच्या मापाने मोठा करून १२ बाय १८ इंचांच्या दोन प्रिंट काढ. मागे पेन्सिलीने नावं लिही, स्टुडिओच्या भिंतीला चिकटव आणि बाबांना दोन फुटांवर उभं कर. १२० च्या निगेटिव्हवर रिटचिंग केलेले डोळे आहेत ते. ते काय म्हणाले ते मला कळव.